परुळेकर बाईंचे फसलेले पाठ

गेल्या जुलैत आमच्या शाळेत सराव पाठ घ्यायला एक मुलगी आली होती. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची, हुशार, थोडी घाबरलेली. मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात बसून मोबाइलवर काहीतरी बघत होती. मी डबा उघडत होते आणि कानावर वाक्य आलं, "मूल चुकलं की त्याचं उत्तर खोडू नका. ते तिथे कसं पोचलं, ते विचारा." माझा हात झाकणावरच राहिला.

उठून बघितलं. पडद्यावर तिशीची एक बाई होती. सुती साडी, मोठी टिकली, मागे रंगवलेला फळा. मान तिरकी करून ती गोड हसत होती आणि पाठीमागे बासरी वाजत होती.

मी तिला ओळखलं होतं, तरी मुद्दाम विचारलं, "कोण गं ही?"

"अ‍ॅपवाली मॅडम. आम्हाला कंपल्सरी आहे ना. रोज एक प्रेरणा व्हिडिओ बघायचा, मग आपल्या नावापुढे टिक येते."

"हे वाक्य कोणाचं आहे, माहीत आहे?"

"तिचंच असेल ना," ती म्हणाली आणि तिने पुढचा व्हिडिओ लावला.

वाक्य तिचं नव्हतं. ती नटी आहे, पुढे मी तिला हिंगाच्या जाहिरातीतही बघितलं. वाक्य आमच्या परुळेकर बाईंचं. आणि बाई ते असं हसून कधीच म्हणाल्या नाहीत. त्या चिडून म्हणायच्या.

बाई आम्हाला अंधेरीच्या अध्यापक विद्यालयात शिकवायला होत्या. एका जुन्या मराठी शाळेच्या वरच्या मजल्यावर ते कॉलेज होतं. खाली मुलं, वर आम्ही, उद्याचे शिक्षक. बाई बुटक्या, सावळ्या. तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब विक्रोळीला आलं आणि बाई तिथल्याच झाल्या. रोज विक्रोळीहून बसने यायच्या. बस लिंक रोडवर रखडली तरी त्यांची कुरकूर नसायची, तेवढ्या वेळात आमची पाठ टाचणं, म्हणजे पाठाचे लेखी आराखडे, तपासून व्हायची. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायच्या, गिरणीवरून दळण आणायचं राहून गेल्यासारखं.

सराव पाठ असला की बाई वर्गात सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसायच्या, मुलांच्या मध्ये. बाक लहान, त्यामुळे गुडघे छातीशी यायचे. पिशवीतून एक डबी काढायच्या आणि त्यातलं आमसूल तोंडात टाकायच्या. पाठ नीट चालला असला की आमसूल सावकाश चघळलं जायचं. पाठ घसरला की जबडा थांबायचा. आम्ही शिकवताना मुलांकडे कमी आणि बाईंच्या जबड्याकडे जास्त बघायचो. हे त्यांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मेल्यांनो, मी काय परीक्षेला बसलेय? समोर पोरं बसलीयत तिकडे बघा."

मी माझ्या पहिल्या पाठाला आठवडाभर खपून तक्ते केले होते. फुलपाखराचं जीवनचक्र. कोश उघडतो, आतून कागदी फुलपाखरू बाहेर येतं, वगैरे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी शेवटी विचारलं, "समजलं का?" मुलं एका सुरात ओरडली, "होऽऽ!" मी खूश. बाई मागून उठल्या आणि शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "काय गं, आज काय शिकलीस?"

ती म्हणाली, "बाईंकडे चमकीचा कागद आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. वर्गाबाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "नीलम, 'समजलं का' हा प्रश्न शिक्षक स्वतःच्या समाधानासाठी विचारतो. परत माझ्यासमोर विचारू नकोस." मी आजपर्यंत तो प्रश्न विचारलेला नाही. कधी जिभेवर आलाच तर चमकीचा कागद आठवतो.

प्रेरणा या शब्दाचा त्यांना मनापासून राग होता. शिक्षकदिनाला कोणी पाहुणे येऊन दिवे, पणत्या, मातीचे गोळे यांच्या उपमा द्यायला लागले की बाई मागे बसून पेपर तपासायच्या. एकदा एका मुलाने विचारलं, बाई, तुमची प्रेरणा काय? त्या म्हणाल्या, "शनिवारचा शेवटचा तास आहे. बाहेर रिक्षावाला भोंगा दाबून बसलाय, एकाला शू लागलीय, दोघं मारामारी करतायत आणि तुला हातचा शिकवायचाय. तेव्हा येते का रे प्रेरणा धावत? तेव्हा तयारी लागते. ती कर."

आमच्या वर्षाच्या शेवटाकडे ओढ्याची गोष्ट घडली. तोवर तयार पाठ टाचणं मोबाइलवर फिरायला लागली होती. कोणीतरी कुठल्यातरी ग्रुपवर टाकायचं, आम्ही उतरवून घ्यायचो. परिसर अभ्यासाचं एक टाचण असंच आलं आणि जवळजवळ सगळ्या वर्गाने ते शब्दाला शब्द लिहिलं. त्यात एक ओळ होती, 'विद्यार्थ्यांना शाळेमागील ओढ्यावर नेऊन निरीक्षण करण्यास सांगावे.' मीही लिहिली होती.

बाई वर्गात आल्या, टाचणांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "चला, उठा सगळे. ओढ्यावर जायचंय."

आम्हाला वाटलं मस्करी. पण बाई जिना उतरायला लागल्या होत्या. शाळेच्या मागे रिक्षाचं गॅरेज होतं, त्याच्या कडेने काळं तेलकट गटार वाहायचं. आम्ही सगळे साड्या सावरत, शर्ट सांभाळत गटाराच्या काठावर उभे राहिलो. गॅरेजवाले पाने-हातोड्या थांबवून आमच्याकडे बघत होते. बाईंचा आवाज मालवणीत गेला, म्हणजे त्या खऱ्या चिडल्या होत्या. "व्हाळ खंय आसा तो दाखवा माका! दाखवा!"

पहिल्या रांगेतला मंदार हळूच म्हणाला, "बाई, ओढा नाहीये."

"मग लिहिलास कसा?"

"आयतं मिळालं ना, बाई."

त्यावर बाई ओरडल्या नाहीत. थोडा वेळ गटाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आयतं मिळतं ते कोणीतरी चांगलं का देत नाही?" हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला नव्हता.

मंदारबद्दल सांगायला हवं. भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीतला मुलगा, वडील घोगऱ्या आवाजाचे वॉचमन, घरात शिकलेला हा पहिलाच. तल्लख. आणि बाईंचा लाडका. बाई लाड करायच्या म्हणजे इतरांपेक्षा त्याला जास्त बोलायच्या. त्याचा अपूर्णांकांचा पाठ मी बघितलेला आहे. चौथीचा वर्ग. त्याने भाकरीचं चित्र काढून अर्धी आणि पाव समजावली. एक मुलगी उठली आणि म्हणाली, "पण सर, पाव भाकरी मोठ्या भाकरीची असली आणि अर्धी लहान भाकरीची असली तर?" मंदार थांबला. काहीतरी बोलायला लागला, ते चुकलं, पुसलं, परत चित्र काढलं, तेही चुकलं. मुलं शांतपणे वाट बघत होती. त्याचे डोळे भरून आले आणि तो खडू ठेवून सरळ वर्गाबाहेर गेला.

बाई तेव्हा मागून मोबाइलवर पाठ टिपत होत्या, नंतर चर्चा करायला बरं म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंदारला बोलावलं. "हे मी इतरांना दाखवू का? तू नाही म्हणालास तर आत्ता पुसते."

मंदार म्हणाला, "काय दाखवणार बाई, मी रडलो ते?"

"त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता, ते दाखवणार. आणि तुझ्या ते लक्षात आलं म्हणून तू रडलास. नाहीतर दटावून खाली बसवलं असतंस तिला."

तो हो म्हणाला. तिथून 'मागचा बाक' सुरू झाला. नाव बाईंचं, साइट आणि चॅनेल उभं केलं मंदारने. डी.एड., बी.एड. करणाऱ्या मुलांसाठी खरे पाठ, शेवटच्या बाकावरून टिपलेले. फसलेले पाठ फसलेलेच ठेवलेले. मुलांचे चेहरे दिसायचे नाहीत, पाठमोरी डोकी आणि समोर घामाघूम झालेला शिकाऊ शिक्षक. पाठ संपला की बाई थोडा वेळ बोलायच्या. मागे भिंत, कॅलेंडर, मध्येच कुकरची शिट्टी. कुठे घसरलं, का घसरलं, उद्या काय करता येईल. टाचणंही होती, पण प्रत्येक टाचणावर लिहिलेलं असायचं, 'हे अंधेरीच्या वर्गासाठी केलंय. तुझ्या शाळेमागे काय आहे ते बघून बदल.'

टाळेबंदीत तर राज्यभरातली मुलं तिथे आली. वर्ग बंद, सराव पाठ बंद, शिकायचं कुठून? बाईंनी एक खिडकी उघडली होती, 'विचार'. तिथे प्रश्न टाकायचा. बाई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या, स्वतः, एका बोटाने टाइप करत. डोंगरावरच्या एका शाळेतल्या मुलाने विचारलं, माझ्या वर्गात दोनच मुलं आहेत, गटकार्य कसं घेऊ? बाईंनी उत्तर दिलं, 'मग तू तिसरा हो.' एकीने लिहिलं, एक मुलगी शाळेत आल्यापासून बोललीच नाहीये, काय करू? बाईंनी लिहिलं, 'बोलायला लावू नको. फळा पुसायचं काम दे तिला. रोज तिलाच दे. मग एक दिवस दुसऱ्या कोणालातरी दे.' पुढे त्या शिक्षिकेचं उत्तर आलं. बाई, आज ती म्हणाली, फळा माझा आहे.

बाईंनी ते मला फोन करून वाचून दाखवलं होतं. दोनदा.

मंदार शाळेत लागला नाही. जागा नव्हत्या, असल्या तरी त्या मिळवायचे मार्ग त्याच्याकडे नव्हते. त्याला अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी लागली. शिक्षक प्रशिक्षणाचं अ‍ॅप काढणारी कंपनी. एका रविवारी तो विक्रोळीला बाईंकडे आला. मीही तिथे होते. चाळ पाडून नवीन इमारत झाली होती, बाईंना सातव्या मजल्यावर घर मिळालं होतं. खिडकीतून खाजण दिसायचं, खारफुटीचा हिरवा पट्टा.

"बाई, मागचा बाक आमच्या अ‍ॅपवर येऊ दे," मंदार म्हणाला. "लाखो शिक्षक बघतील. साइट सारखी बंद पडते ना? ते टेन्शन पण जाईल. टेक्निकल सगळं आम्ही बघू."

"पैसे?"

"तुम्हाला मानधन देतील."

"मला नको. शिकणाऱ्यांकडून घेणार आहेत का?"

"नाही बाई. फ्री."

बाई म्हणाल्या, "तीन गोष्टी. पोरांचे चेहरे दाखवायचे नाहीत. पैसे घ्यायचे नाहीत. आणि फसलेलं कापायचं नाही."

"शब्द देतो, बाई."

करार इंग्रजीत होता, चांगला जाड. बाईंनी चष्मा लावून पूर्ण वाचला. सवयीने लाल पेन घेऊन दोन ठिकाणी स्पेलिंग सुधारलं. एका ठिकाणी थांबल्या. "हे एक्स्क्लुझिव्ह कशाला रे? म्हणजे सगळं त्यांचंच?"

"फॉरमॅट आहे, बाई. सगळ्यांना हाच देतात. मी आहे ना तिकडे."

बाईंनी सही केली. मंदार पाया पडला. बाईंनी त्याला सोलकढी दिली आणि म्हणाल्या, "जेवून जा."

अ‍ॅपच्या उद्घाटनाला बाईंना सन्मानाने बोलावलं. अंधेरीतलाच मोठा हॉल, थंडगार, डी.एड. कॉलेजांची मुलं बसने आणून बसवलेली. मी बाईंच्या शेजारी पहिल्या रांगेत होते. दिवे मंद झाले, पडद्यावर ती टिकलीवाली बाई आली आणि बाईंची वाक्यं म्हणायला लागली. एकामागून एक. कुकर नाही, कॅलेंडर नाही. तिच्या मागे जे वर्ग दाखवत होते त्यातली मुलं गोरी, गुटगुटीत, एकदम हात वर करणारी. चेहरे अगदी जवळून. एकही पाठ फसत नव्हता.

बाई माझ्या कानाशी आल्या. "ही कोण?"

"माहीत नाही, बाई."

"मंदारचा पाठ दाखवतील आता," त्या म्हणाल्या.

तो पाठ आला नाही. मोठ्या अक्षरात 'प्रेरणा' आलं आणि दिवे लागले. मग बाईंना स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ, काचेचं स्मृतिचिन्ह. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माइक पुढे केला. "बाई, आपल्या नव्या शिक्षकांसाठी प्रेरणेचे दोन शब्द!"

बाईंनी माइक हातात घेतला. म्हणाल्या, "माझे पाठ परत द्या."

मग ती मुलगी खळखळून हसली. "किती गोड! बघा, बाईंना अजूनही वर्गात जाऊन पाठ घ्यायचेत! जोरदार टाळ्या होऊन जाऊ दे!"

सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. बाई आणखी काहीतरी बोलत होत्या, ओठ हलताना मला दिसत होते, पण तोवर संगीत सुरू झालं होतं. पडद्याच्या कडेला मंदार उभा होता. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी. तोही टाळ्या वाजवत होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. "नीलम, मागचा बाक दिसत नाहीये. माझ्याकडे नेट गेलंय का बघ जरा."

नेट गेलं नव्हतं. बाईंनी चॅनेलवर दुसऱ्यांचं साहित्य बेकायदा ठेवलंय, अशी तक्रार झाली होती. तक्रार कंपनीच्या नावाने, यंत्राने आपोआप केलेली. कंपनीच्या पाठांशी बाईंचे पाठ जुळत होते. जुळणारच. आधी पाठ एकेक करून गेले, मग चॅनेल गेलं, मग साइट. 'विचार'मधले सगळे प्रश्न गेले, सगळी उत्तरं गेली. बाईंनी स्वतःकडे काही ठेवलं नव्हतं. पाठ आहेत ना तिथे, म्हणून मोबाइल भरला की त्या पुसून टाकायच्या.

आम्ही दोघी कंपनीत गेलो. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतली काचेची इमारत. खाली रखवालदाराने आम्हा दोघींचे फोटो काढून पास म्हणून छातीला चिकटवायला दिले. मंदारने आम्हाला एका काचेच्या खोलीत बसवलं, कोल्ड कॉफी मागवली.

"बाई, सिस्टिमने केलंय ते. मला पण नंतर कळलं."

"बरं. मग परत लाव."

"तसं नाही होत, बाई. आता राइट्स कंपनीकडे आहेत."

"आणि फसलेलं कापणार नव्हतास?"

मंदारने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. आलेख होता, खाली कोसळणारी रेघ. "हे बघा ना. कोणी चुकायला लागलं की लोक व्हिडिओ बंद करतात. नको असतं कोणाला. दिवसभर शाळेत तेच बघतात ना! त्यांना घरी आल्यावर छान वाटायला हवंय."

"छान वाटून काय करणार? उद्या वर्गात जायचंय त्यांना."

त्याने लॅपटॉप मिटला. बाईंनी विचारलं, "आणि प्रश्न? पोरींनी मला विचारलेले?"

इथे त्याचा चेहरा उजळला. "ते आहेत ना, बाई! वाया नाही घालवले. ते सगळे वापरून आम्ही चॅटबॉट बनवलाय. कोणीही, कधीही विचारा, लगेच उत्तर. तुमच्याच स्टाइलमध्ये. थांबा, दाखवतो." त्याने मोबाइल बाईंच्या हातात दिला. "विचारा काहीही."

बाईंनी एका बोटाने लिहिलं, 'माझ्या वर्गात दोनच मुलं आहेत. गटकार्य कसं घेऊ?'

उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत आलं. 'खूप छान प्रश्न! लहान वर्ग ही एक सुवर्णसंधी आहे.' खाली मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे एक चित्र. सूर्यफूल, रॉकेट, हसरा चेहरा. बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. त्या काहीही वाचायच्या ते शेवटपर्यंत. मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"हे मी नाही, मंदार."

"सुधारतोय तो, बाई. शिकतोय."

"कोणाकडून?"

मंदारने कॉफीचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. बाईंनी हात लावला नाही. म्हणाल्या, "तुझा पाठ तरी ठेवायचास. अपूर्णांकाचा."

"तो तर पहिला काढला," तो पटकन बोलून गेला. मग खाली बघत म्हणाला, "बाई, इकडे माझ्या हाताखाली टीम आहे. मोठ्या कॉलेजांतली मुलं आहेत. त्यांनी बघितलं तर हसतील ना यार."

"वर्गात कोण हसलं होतं रे?"

काचेपलीकडे कोणीतरी मंदारला हाताने खूण केली. तो "एक मिनिट, बाई" म्हणून बाहेर गेला. आम्ही बसून राहिलो. कॉफीवरचा फेस खाली बसला. मग एक मुलगी आली आणि म्हणाली, मंदार सरांची मीटिंग सुरू झालीय, तुम्हाला रिक्षा बोलावून देऊ का?

लिफ्टमध्ये बाई पुटपुटल्या, "माझोच झील होतो तो." मुलगाच म्हणायच्या त्या त्याला. मी छातीवरचा फोटो काढून टाकला. त्यांचा तसाच राहिला होता. रस्त्यावर आल्यावर मी तो काढायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

मी वकील शोधला. त्याने करार वाचला आणि सही कोणी केली, असं विचारलं. बाई म्हणाल्या, मी केली. वकील म्हणाला, मग झालं.

त्याच वर्षी कॉलेज बंद झालं. मुलं येत नव्हती. खालची मराठी शाळा आधीच आटत आटत एका मजल्यावर आली होती. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. बाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "बापाने गिरणी बंद पडताना बघितली, मी हे बघितलं. आमच्या घरात हेच चालत आलंय."

पुढे कधी कधी मी विक्रोळीला जायचे. बाई बोलायच्या, पण शाळेतलं काही सांगायला लागलं की उठून गॅस बघायला जायच्या. एकदा मी बसलेली असताना फोन वाजला. त्या तांदूळ निवडत होत्या, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. लांबच्या कुठल्यातरी जिल्ह्यातली मुलगी होती, नव्याने नोकरीला लागलेली. एका जुन्या विद्यार्थिनीकडून तिने नंबर मिळवला होता. बोलता बोलता तिचा आवाज फाटला.

"बाई, वर्ग माझं ऐकतच नाही. मी बोलायला लागले की मुलं बाकं वाजवतात. हेडसर खिडकीतून बघून जातात. बाई, सोडून देऊ का मी?"

बाईंचे हात तांदळात थांबले. मला वाटलं, आता विचारतील. कुठला तास, कितवीचा वर्ग, पहिल्यांदा कोण वाजवतं, वाजवताना ते कोणाकडे बघतं. हे सगळं त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसत होतं.

त्या म्हणाल्या, "अ‍ॅप आहे ना तुझ्याकडे? त्याला विचार."

"विचारलं, बाई. ते म्हणालं, दीर्घ श्वास घ्या."

बाईंच्या ओठाची कड हलली. मला वाटलं, हसतील.

"मग घे," त्या म्हणाल्या आणि फोन कट केला.

फोन लगेच परत वाजला. बाईंनी ताट उचलून मांडीवर घेतलं आणि खडा शोधायला लागल्या. फोन वाजत राहिला, ओट्यावर थरथरत कडेपर्यंत सरकला आणि थांबला. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, नीलम. होतं ते त्यांचं आहे. कायद्याने." आवाज साधा होता. मला त्या मुलीचा नंबर घ्यावासा वाटला, पण बाईंच्या समोरून तो फोन उचलायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर त्यांनी नंबरच बदलला. मला नवीन दिला नाही. जुलैमध्ये सराव पाठाला आलेल्या त्या मुलीच्या मोबाइलवर बाईंचं वाक्य ऐकलं तेव्हा मी घरी जाऊन जुनाच नंबर लावून बघितला. बंद. एकदा विक्रोळीला जाऊन बेल वाजवून आले. शेजारीण म्हणाली, आहेत हो आत, पण उघडत नाहीत हल्ली कोणाला.

दिवाळीनंतर आमच्या शाळेतल्या सगळ्यांना त्याच अ‍ॅपच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. विक्रोळी स्टेशनजवळच्या एका सभागृहात, दिवसभर. ज्या शाळेचे शिक्षक येणार नाहीत, त्या शाळेचं नाव वर कळवलं जाणार होतं. पाच वाजता सुटलो. मी बाजारातून स्टेशनकडे चालले होते आणि समोरून बाई आल्या. वाळल्या होत्या. अंबाडा नव्हता, केस कापून टाकले होते. हातात पालेभाजीची जुडी. आमच्यामध्ये फार तर दोन दुकानांचं अंतर असेल. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम हलला, ओळखीचा, पूर्वीचा, आता "काय गं" म्हणतील असा.

मग त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली आली आणि खांद्यावर थांबली. प्रशिक्षणात सगळ्यांना दिलेली पिवळी पिशवी माझ्या खांद्याला होती. तिच्यावर ती नटी हसत होती.

बाई बाजूच्या दुकानात शिरल्या. बादल्या, मग, टब यांचं दुकान. माझ्याकडे पाठ करून त्यांनी एक मग उचलला, फिरवून बघितला, खाली ठेवला. दुसरा उचलला. दुकानदाराने काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली आणि तिसरा उचलला. मी पिशवी खांद्यावरून काढून हातात धरली, पण ती लपवायची कुठे? लोक मला धक्के देत, बडबडत जात होते. बाई मगाच्या तळाकडे बघत होत्या, निरखून, तिथे काहीतरी लिहिलेलं असल्यासारखं. मी जाईपर्यंत त्या वळणार नव्हत्या.

मी निघाले.